असील माझा, शामो वन्संचा

दिवाळी नुकतीच आटपली होती. संध्याकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरची डॉक्टर मुलगी उभी. ही जनावरांची डॉक्टर. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी प्राण्यांचा एक निवारा आहे, तिथे ती काम करते. लहानपणापासून आमच्याच घरात खेळलेली, त्यामुळे मी तिची काकू आणि माझी नणंद तिची आत्या. तिच्या पायाशी वेताच्या दोन मोठ्या टोपल्या होत्या, दोन्हींवर गोणपाट बांधलेलं. एका टोपलीतून काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला आणि मी दोन पावलं मागे सरकले.

"काकू, आधी पूर्ण ऐकून घे, मग नाही म्हण," ती म्हणाली.

झालं होतं असं. खाडीपलीकडे कुठेतरी कोंबड्यांच्या झुंजी लावल्या होत्या. पोलिसांनी धाड घातली, माणसं पकडली आणि कोंबडे आणून सोडले निवाऱ्यात. झुंजीच्या कोंबड्यांची अडचण अशी की दोघांना एका खोलीत ठेवता येत नाही. एकमेकांना नुसते दिसले तरी जाळीवर धडका घेऊन रक्तबंबाळ होतात. प्रत्येकाला वेगळी जागा हवी, आणि निवाऱ्यात तर मांजरांचे पिंजरेसुद्धा भरले होते.

"तुमचा तळमजला आहे, मागे व्हरांडा आहे, बागेची पट्टी आहे," ती म्हणाली. "थोडेच दिवस. जागा झाली की मी घेऊन जाते."

मी मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होते. पार्ल्यातलं आमचं घर शाकाहारी. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई, कोंबडा म्हणजे मला चित्रातला ठाऊक. शिवाय घर माझ्या एकटीचं नव्हतं. नणंद माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, लग्न न केलेली. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हाही त्या याच घरात होत्या, आणि माझा नवरा गेल्यावर तर आम्ही दोघीच उरलो. मी त्यांना वन्सं म्हणते. घरात काय यायचं आणि काय नाही, हे वन्संच ठरवत आल्या आहेत. त्या ठाम नाही म्हणणार, याची मला खात्री होती. म्हणून मी आत हाक मारली.

वन्सं आतून आल्या. गोणपाट जरा बाजूला करून त्यांनी दोन्ही टोपल्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेव इथे. पण मला आधी सगळं नीट समजावून सांग."

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "वन्सं, तुम्ही कशा काय हो म्हणालात?"

वन्संनी सगळी नोकरी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत केली. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मुलांना मेलेले बेडूक मोजून वाटले गं. हे दोघं निदान जिवंत तरी आहेत."

दोघांपैकी एक असील होता. बसका, रुंद छातीचा, गडद तांबडा, आणि उचलला तर हात भरून येईल इतका जड. डोक्यावर कोंबड्याचा तो नेहमीचा ऐटदार तुरा नाही, नुसती शेंगदाण्याएवढी गाठ. छातीवर आणि मांड्यांवर पिसं इतकी विरळ की आतलं लालभडक कातडं दिसायचं. एक डोळा झुंजीत गेलेला, पांढरा पडला होता. असील म्हणजे खानदानी, डॉक्टरने सांगितलं. आपल्याकडची फार जुनी जात.

दुसरा अंगानं काळपट आणि उंच, इतका उंच की मान ताठ केली की चोच माझ्या कमरेला लागावी. पाय लांबलचक पिवळे, मान सापासारखी, आणि भुवईच्या हाडाखाली खोल बसलेले फिके डोळे. याची जात नक्की कोणती ते डॉक्टरलाही सांगता येईना. "मलाय जातीच्या वळणाचा आहे, पण त्यात शामोचं रक्त असणार. शामो जपानकडचा. शौकीन लोक कुठून कुठून अंडी मागवतात आणि मिसळत बसतात." सोयीसाठी आम्ही त्याला शामो म्हणू लागलो.

नावं ठेवायची नाहीत, असं वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं. नाव ठेवलं की माणूस अडकतो, म्हणे. त्यामुळे असील मागच्या व्हरांड्यात माझ्या खोलीलगत राहिला तो "तुझा" झाला, आणि शामो पलीकडे वन्संच्या खोलीमागच्या अडगळीच्या खोलीत राहिला तो "माझा". "तुझ्याने पाणी सांडलं बघ." "माझा आज जेवला नाही." नावं न ठेवताही अडकायला व्हायचं ते झालंच.

माझा असा समज होता की झुंजीचा कोंबडा म्हणजे माणसाच्या डोळ्यांवर झेप घेणारा राक्षस. पहिले दोन-तीन दिवस मी ताटली लांबूनच ढकलत होते. असीलच्या एका तळपायाला घट्टा येऊन आत पू झाला होता. डॉक्टरने तो कापून पट्टी बांधून दिली आणि सांगितलं, रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, मग मलम.

"मी? मी धरू त्याला?"

"धर गं काकू. तो काही करत नाही. पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातात वाढलेला आहे. त्यांचं वैर फक्त कोंबड्यांशी."

मी पाटावर बसले, मांडीवर जुना टॉवेल घेतला आणि देवाचं नाव घेऊन त्याला उचललं. तो एकदाही फडफडला नाही. मांडीवर आपला सगळा भार टाकून बसला आणि मी त्याचा पाय घमेल्यात सोडला, तेव्हा त्याने चांगला डोळा वर करून माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तो डोळा मिटायला लागला. कोमट पाण्याचं सुख त्यालाही कळत होतं. माझ्या हाताला त्याचं पोट लागत होतं, अंगात ताप आलेल्या मुलासारखं गरम. मला मूल झालं नाही. ही गोष्ट मी फार कुणाशी बोलले नाही आणि इथेही फार बोलणार नाही. पण त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की मी पाणी कोमट करायला ठेवू लागले आणि ते काम मला कधी जड वाटलं नाही.

शामोचं सगळं उलट. असील ताटलीतले दाणे एकेक करून टिपायचा, मध्येच थांबून इकडेतिकडे बघायचा. शामो ताटली उधळून द्यायचा आणि जमिनीवरचं घाईघाईने गिळायचा, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. वन्संचा हात खाली आला की टोच मारायचा. त्यांच्या मनगटावर निळे डाग उठले. खोलीतल्या गुळगुळीत लादीवर त्याचे लांब पाय फाकायचे आणि तो आणखीच बिथरायचा. मग वन्संनी काथ्याच्या चटया आणून सगळी लादी झाकली, तेव्हा तो निदान सरळ उभा राहू लागला.

"शामो खरं तर माणसांत शांत असतो," डॉक्टर म्हणाली. "पण याला कुणी प्रेमाने हात लावलेला दिसत नाही. जातीपेक्षा हात कुणाचा लागला त्यावर असतं, आत्या."

वन्सं तिच्याशी फोनवर तासन्‌तास बोलायच्या आणि मग मला सूचना द्यायच्या. असील जड, म्हणून त्याची बसायची फळी खाली, वीतभर उंचीवर. उंचावरून उडी मारली तर तळपाय पुन्हा फुटेल. शामोला फळी उंच हवी, नाहीतर तो रात्रभर उभाच राहील. दोघांची पिसं विरळ, म्हणून थंडीत खाली पोतं आणि भुसा. असीलला ज्वारी-बाजरी आणि भिजवलेले हरभरे पुरे. शामो हाडकुळा झाला होता, त्याला वर उकडलेलं अंडं द्यायचं.

अंडं! मी वन्संकडे पाहिलं. या घरात सासूबाईंच्या काळापासून अंडं शिजलेलं नव्हतं.

"कोंबड्याला कोंबडीचं अंडं घालायचं?" मी म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

"त्याला कोण सांगणार आहे?" वन्सं म्हणाल्या.

अंडी आणायला त्या स्वतः गेल्या. आमच्या रोजच्या वाण्याकडे न जाता लांब स्टेशनापलीकडे गेल्या आणि कापडी पिशवीत खाली अंडी, वर कोथिंबीर घालून घेऊन आल्या. व्हरांड्यात जुन्या स्टोव्हवर, त्यासाठीच वेगळ्या काढलेल्या पातेल्यात, वन्संनी आयुष्यातलं पहिलं अंडं उकडलं. किती वेळ ठेवायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. ते तडकलं, पाण्यात पांढरी फुलं झाली, आणि आम्ही दोघी पातेल्यावर वाकून बघत उभ्या. वन्संना हसू फुटलं. त्यांना इतकं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं.

आरवण्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. असीलचं आरवणं आखूड आणि खर्जातलं, म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तसं. शामो आरवला की सगळ्या सोसायटीला कळायचं. एकाने सुरू केलं की दुसरा उत्तर द्यायचाच. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ होतं, त्याची आई बिचारी रडकुंडीला आली. सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, काय हे? देवनारला, कत्तलखान्यात पाठवून द्या ना सरळ."

"तुम्हालाही रात्री खोकला येतो," वन्सं आतून म्हणाल्या. "तुम्हाला कुठे पाठवलं आम्ही?"

पण मग त्या स्वतःच वर गेल्या, बाळाच्या आईशी बोलून आल्या आणि डॉक्टरला विचारून उपायही शोधून काढला. कोंबडा मान वर ताणल्याशिवाय मोठ्याने आरवू शकत नाही. म्हणून रात्री दोघांना कमी उंचीच्या, हवा येईल पण उजेड येणार नाही अशा खोक्यांत निजवायचं आणि चांगलं उजाडल्यावरच बाहेर काढायचं. असील खोक्यात आपणहून जाऊन बसायचा. शामोला खोक्यात घालायला वन्संना रोज नवी युक्ती करावी लागे. हळूहळू तेही जमलं. बाळ झोपू लागलं. बाळाची आई एकदा बाळाला कडेवर घेऊन असीलला दाखवायला आली, तेव्हा सेक्रेटरींची तक्रार आपोआप गळून पडली.

"थोडेच दिवस" संपून गेले. डॉक्टर जागेचं बोलेना, आणि आम्हीही विचारलं नाही.

थंडी ओसरत आली होती. बागेच्या पट्टीत दोघांना पाळीपाळीने सोडायचा आमचा क्रम होता. सकाळी असील, दुपारी शामो, आणि मध्ये दाराला कडी. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते आणि वन्सं शामोला बाहेर सोडून दोरीवरचे कपडे काढत होत्या. व्हरांड्याच्या दाराची कडी जुनी, सैल. असील आतून दाराला छातीने रेटत असावा. कडी निसटली.

मला काही ऐकू आलं नाही. झुंज आरडाओरडीची असेल असं मला वाटायचं, पण ते दोघं आवाज न काढता लढतात. ऐकू आलं ते फक्त पिसांचं फाटणं आणि वन्संचं "अगं ये, अगं लवकर ये!"

मी धावले तेव्हा दोघं हवेत होते. माझ्या मांडीवर पेंगणारा तो असील मला ओळखूच आला नाही. आंधळ्या बाजूने मार बसत होता तरी तो हटत नव्हता. शामो उंचावरून लाथ हाणायचा आणि असील त्याच्या पोटाखाली घुसून त्याची मांडी पकडायचा. वन्संनी हातातली चादर दोघांवर टाकली आणि चादरीत हात घालून शामोला ओढलं. शामोच्या पायामागचा काटा डॉक्टरने कापून बोथट केला होता, पण तो पुन्हा वाढला होता. तो वन्संच्या उजव्या हातात शिरला आणि कोपरापर्यंत ओरखडत गेला.

मी असीलला उचलून घट्ट छातीशी धरलं. चादरीआड शामो दिसेनासा झाला आणि त्याच क्षणी असील माझ्या हातात सैल पडला. त्याने डोकं माझ्या काखेत खुपसलं. त्याची धडधड मला माझ्या बरगड्यांत जाणवत होती. आणि समोर वन्सं पायरीवर बसल्या होत्या, हातातून रक्त गळत होतं, आणि तरी दुसऱ्या हाताने शामोला चादरीत धरून ठेवलेलं.

"आधी याला आत ने," त्या म्हणाल्या. "मग माझं बघू."

दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. घरी आल्यावर मी वन्संना पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "पुरे झालं आता. मी उद्या तिला सांगते, दोघांनाही घेऊन जा."

"काही सांगायचं नाही. हात माझा फाटलाय, मी बघेन."

"तुमचा फाटला, उद्या डोळा जाईल! वन्सं, हे घर दोघींचं आहे. मलाही विचारायला नको का?"

माझा आवाज इतका चढला होता की माझाच मला नवा वाटला. इतक्या वर्षांत मी वन्संपुढे असं कधी बोलले नव्हते. सासूबाई असताना नाही, नवरा असताना नाही, तो गेल्यावरही नाही.

वन्संनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हो. दोघींचं आहे. अशीच बोलत जा की कधीतरी. सारखं आपलं हो वन्सं, बरं वन्सं. मला वाटायचं, ही माझ्याबरोबर राहतेय की नुसती मला सांभाळून घेतेय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "कडी मी बदलून घेते. दोन कड्या लावू, वरखाली. तरी तुला नको असतील तर नाही ठेवायचे. तू सांग."

मी म्हणाले, "दोन कड्या लावा."

हाताला पट्टी, त्यामुळे वन्संना वेणी घालता येईना. वन्संचे केस अजून लांब, सगळे पांढरे. सकाळी मी त्यांच्या मागे बसले आणि हळूहळू गुंता सोडवला. एकाच घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांच्या केसांना माझा हात कधी लागला नव्हता. मऊ होते, विरळ, आणि मानेवर एक तीळ होता जो मी पहिल्यांदा पाहिला. मी घातलेली वेणी जरा सैल झाली. त्यांनी डाव्या हाताने चाचपून पाहिली. दुसऱ्या दिवशी फणी घेऊन आपणहून माझ्यापुढे येऊन बसल्या.

दुसरी अडचण शामोची. पट्टी बांधलेल्या हाताने त्याचं करणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही अदलाबदल केली. वन्सं एका हाताने असीलचं बघू लागल्या. तो इतका गरीब की एका हाताला पुरे. आणि शामो आला माझ्याकडे.

पहिल्या दिवशी मी दार किलकिलं करून उभी राहिले. तो कोपऱ्यात, मान ताठ, एक पाय उचललेला.

"वन्सं, तुम्ही काय करायचात याला?"

त्यांनी जरा ओशाळून सांगितलं, "जमिनीवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं. मोठ्याने. एका सुरात. मग तो निवतो."

दुपारी त्यांच्या खोलीमागून बोलण्याचा आवाज यायचा, तो फोनवरचा असेल असं मी समजत होते. मी वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन चटईवर बसले. वाकायला लागू नये म्हणून पाय लांब करून, भिंतीला टेकून. "आडवे शब्द," मी वाचायला लागले. "पाच. सूर्य. तीन अक्षरी." शामोने मान तिरकी केली. "भास्कर," मी त्याला सांगितलं. "उभे शब्द. तीन. चिखल. दोन अक्षरी." मला येईना. मी पुन्हा वाचलं, "चिखल, दोन अक्षरी."

"पंक!" पलीकडून वन्सं ओरडल्या.

कोडं अर्धं झालं तेव्हा तो माझ्या पावलापर्यंत आला होता. मी दाणे घेतलेला हात वरून न नेता जमिनीवरून, बाजूने पुढे सरकवला. त्याने टोच मारली नाही. एक दाणा उचलला, मागे सरला, पुन्हा आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला राग नव्हता. वरून येणाऱ्या हाताची भीती होती. आजवर वरून आलेला हात बहुतेक त्याला उचलून रिंगणात टाकायलाच आला असेल. मी वन्संना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी उभ्याने भरवत होते गं. गुडघे दुखतात म्हणून फक्त कोड्यापुरती बसायची. तरीच."

त्यानंतर आम्ही दोघांचं दोघी मिळूनच करू लागलो. बोलताना मात्र असील माझाच राहिला आणि शामो त्यांचाच.

एप्रिल-मे महिन्यांत असीलचे हाल झाले. जड अंग, दमट हवा. चोच उघडी टाकून धापा टाकायचा, पंख अंगापासून दूर धरायचा. मी मातीच्या परातीत पाणी घालून त्याला त्यात उभा करायची, ओल्या फडक्याने छाती पुसायची, पातळ ताक पाजायची. शामोला उन्हाचं एवढं काही वाटायचं नाही. त्याचे लांब पाय आणि उघडी मान हवा खात. डॉक्टरने असीलला तपासलं आणि म्हणाली, "काकू, त्याला मोकळी, कोरडी जागा हवी. पावसाळ्यात या ओलीत त्याचे तळपाय पुन्हा बिघडतील."

तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या आईवडिलांची पालघरकडे चिकूची वाडी होती. त्यांना एक शांत असील हवा होता, सोबत दोन-तीन कोंबड्या. झुंजवायला नाही, नुसता पाळायला. दोघांपैकी कुणाला न्यायचं याचा प्रश्नच नव्हता. गरीब स्वभावाला घर लगेच मिळतं. शामोला कुणी विचारलंसुद्धा नाही.

असील गेला त्या सकाळी मी त्याचे पाय धुतले, बरे झाले होते तरी. टोपलीत जुना टॉवेल घातला. वन्संनी गोणपाट बांधलं आणि गाठ मारता मारता म्हणाल्या, "वहिनी, रडायचं असेल तर आत जाऊन रड. त्याला कळतं." मी आत गेले. वन्सं दारापर्यंत टोपलीबरोबर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचेच डोळे लाल होते.

पुढच्या थंडीत डॉक्टर आम्हाला वाडीवर घेऊन गेली. शामोला बाळाच्या आईच्या हवाली केलं होतं. शब्दकोड्याचं तिला समजावून सांगितलं होतं. वाडीवर मातीची कोरडी जमीन, झाडांची सावली, आणि त्यात असील उभा. पिसं चकचकीत झालेली, मागे तीन कोंबड्या. मी मुठीत भिजवलेले हरभरे नेले होते. खाली बसून हात पुढे केला. तो आला, चांगला डोळा माझ्याकडे करून क्षणभर थांबला, एक हरभरा उचलला. मग गळ्यातून कुडकुड असा आवाज काढून त्याने कोंबड्यांना बोलावलं, हरभरा त्यांच्यापुढे टाकला, आणि त्यांच्याबरोबर झाडांत निघून गेला. मी हाक मारली नाही. हाक मारायला नाव कुठे होतं?

वाडीच्या बाईंनी आग्रहाने जेवायला वाढलं, निघताना चिकूची पाटी दिली. परतताना गाडीत मी मूठ उघडून उरलेले हरभरे बघत होते. वन्सं म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही. ओळखलं असेल का हो त्याने मला?"

"ओळखलं की. तुझ्या हातचा हरभरा त्याने बायकांना दिला, आणखी काय करायला हवं होतं? कोंबडा आहे तो. त्याने पाया पडायला हवं होतं का तुझ्या?"

मला हसू आलं. वन्संनी पायाजवळचे चिकू सरकवून ठेवले, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बोरिवली यायच्या आतच माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेल्या.